बुडण्याचे जाकीट, तरण्याचे जाकीट

भंडाऱ्याच्या माणसाने समुद्राच्या तळाशी जाताना घालायच्या जाकिटावर लेख लिहावा, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाने, हे पाहून काही वाचक गालातल्या गालात हसतील. हसोत बापडे. समुद्र आमच्यापासून फार लांब आहे हे कबूल. पण पाणी लांब नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत, मधून वैनगंगा वाहते, आणि २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात ज्याची कोनशिला बसली त्या गोसीखुर्द धरणाचे पाणी आता दूरवर पसरले आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या बाजारात शिंगाड्यांचे हिरवे-काळे ढीग लागतात, ते याच तलावांत गळ्याएवढ्या पाण्यात उभे राहून किंवा डोंग्यात बसून ढिवर बायाबापड्यांनी काढलेले असतात. तेव्हा पाण्याविषयी दोन शब्द बोलायचा हक्क आम्हांलाही आहे.

या विषयात मी ओढला गेलो तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा पवनी तालुक्यातला, ढिवराच्या घरचा. बी. ए. झाला आणि नोकरीच्या अर्जांना कंटाळून थेट तारकर्लीला गेला. मालवणजवळच्या या गावी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंगची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून बुडी मारण्याची विद्या शिकवणारी संस्थाच आहे. तिकडून प्राथमिक शिक्षण घेऊन तो परतला तो पुढचे शिकायचे आणि पर्यटकांना घेऊन जाणाऱ्यांच्या हाताखाली काम करायचे, असे ठरवूनच. आता त्याला स्वतःचे जाकीट घ्यायचे होते. किंमत पाच आकडी, माहितीपत्रके सगळी इंग्रजीत. तो गठ्ठा घेऊन तो वडिलांसह माझ्या घरी आला. मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजी येतेच, असा त्याचा उदार समज असावा.

त्याच्या वडिलांविषयी थोडे सांगायला हवे. पंचक्रोशीत कुणी बुडाले की बोलावणे यांनाच येते. कमरेला दोर आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढ्या सामग्रीवर हा गृहस्थ डोहात उतरतो. मी किमतीचा आकडा वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "एवढ्या पैशात त नवा डोंगा होते, सर." मग मुलाकडे वळून विचारले, "हे घातलं का मानूस बुडत नाही ना पन?"

"बुडते न बाबा," मुलगा म्हणाला. "बुडासाठीच त घेतो मी."

हसण्यावारी नेण्याजोगे हे उत्तर नव्हते. या जाकिटाची निवड करू पाहणाऱ्याने प्रथम तेच लक्षात ठेवावे.

आपल्याकडे पाण्यात अंगाला काही बांधायचे ते तरण्यासाठी. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधलेला असे. परीक्षेतला भोपळा मुलाला बुडवतो आणि विहिरीतला तारतो, अशी आमच्या शिक्षकांची एक आवडती कोटी होती. आज आपण 'कामाची आणि घराची सांगड घालतो', पण जुन्या कोशांत सांगड म्हणजे दोन होड्या किंवा दोन भोपळे एकमेकांना बांधून केलेले तरंगते साधन. पाणी ओलांडण्यासाठी केलेली ती जोडी होती. पुढे माणसांची, विचारांचीही सांगड घालू लागलो आणि पाणी विसरलो. या सगळ्या साधनांचे काम एकच: माणसाला वर धरणे. बोटीत बसताना घालायचे नारिंगी जीवरक्षक जाकीट हे त्याच भोपळ्याचे सुधारलेले रूप.

पाणबुड्याचे जाकीट त्या कुळातले नव्हे. इंग्रजीत त्याला 'बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस' किंवा नुसते 'बीसीडी' म्हणतात. मी त्या बापलेकांपुढे त्याचे 'तोलाचे जाकीट' असे नामकरण करून टाकले, आणि तेच इथे वापरतो. त्याच्या आत हवेचा एक फुगा असतो. छातीजवळच्या नळीवर दोन कळा असतात: एक दाबली की पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा फुग्यात शिरते, दुसरी दाबली की फुग्यातली बाहेर जाते. पाणबुड्याने ना वर जावे, ना खाली. आकाशात घार तरंगते तसे पाण्याच्या मधोमध अलगद राहावे, यासाठी हा खटाटोप. खाली जाऊन तळावर आपटला तर प्रवाळ मोडतो. त्याहून वाईट म्हणजे नकळत वर उसळला, तर फुफ्फुसांतली हवा फुगून जीवावर बेतते.

जाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये आधुनिक श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा असले जाकीट नव्हतेच. शिशाची वजने आणि स्वतःचा श्वास यांवरच तोल सांभाळायचा. १९६१ साली मॉरिस फेन्झी या फ्रेंच गृहस्थाने गळ्यात घालायचा, हवा कमीजास्त करता येणारा फुगा काढला. १९७१ च्या सुमारास अंगात घालायच्या जाकिटाचे रूप त्याला आले. म्हणजे ही वस्तू वयाने फारशी जुनी नाही.

आता तोल मुळात बिघडतो कशाने? इथे आर्किमिडीजला बोलावणे भाग आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके पाणी तिला वर लोटते. साजसरंजामासकट पाणबुड्याने शंभर लिटर जागा व्यापली असे धरा. वैनगंगेचे पाणी त्याला शंभर किलोने वर लोटील, आणि मालवणचा समुद्र, खारा म्हणून जड असल्यामुळे, सुमारे एकशे अडीच किलोने. म्हणून समुद्रात बरोबर बसलेली शिशाची वजने गोड्या पाण्यात तशीच बांधली, तर माणूस अडीच किलोने जड होतो आणि खाली जात राहतो. समुद्रावर शिकून आलेल्या आमच्या विद्यार्थ्याने तळ्यात उतरण्यापूर्वी हा हिशेब वहीत लिहून घेतला.

दुसरे, अंगावरचा रबरी पोशाख. त्यात बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात, आणि पोशाखाची तरंगण्याची ताकद बरीचशी जाते. तिसरे, हवेचे वजन. हवेलाही वजन असते हे आपण शाळेत घोकतो आणि विसरतो. हौशी पाणबुडे सर्रास वापरतात तो अकरा लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर २०० पट दाबाने भरला की त्यात अडीच किलोहून थोडी अधिक हवा मावते. बुडी संपेपर्यंत दोनेक किलो श्वासावाटे निघून जाते, आणि पाणबुडा तेवढा हलका होतो.

या हिशेबातून जाकिटाच्या आकाराचा प्रश्न आपोआप सुटतो. दुकानदार आधी 'उचल' किती ते सांगतो: हे बारा किलोचे, हे वीस किलोचे. आपल्याला वाटते, चार पैसे जास्त देऊन वीस किलोचेच घ्यावे, सुरक्षित! पण आपल्या कोमट समुद्रात पातळ पोशाख घालून उतरणाऱ्याला खाली किती उचल लागते? सिलिंडरमधल्या हवेचे वजन अडीच किलो आणि आकसलेल्या पोशाखाचे दीडदोन किलो. वर आल्यावर डोके पाण्याबाहेर ठेवायला आणखी चारपाच किलो, पण तोवर पोशाख पुन्हा फुललेला असतो. म्हणजे दहाबारा किलोत काम भागते. मोठ्या फुग्यात थोडी हवा भरली की ती कधी या खांद्याशी तर कधी त्या कुशीत पळते, बाहेर काढायला वेळ लागतो, आणि पोहताना पाण्याचा विरोध वाढतो तो वेगळाच. बर्फगार पाण्यात जाड पोशाख घालून उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना मोठा फुगा लागतो.

आणि ज्याला नेहमी मोठ्या फुग्याची गरज भासते, त्याने जाकीट बदलण्यापूर्वी शिसे मोजावे. नवशिके भीतीपोटी, 'खाली जाता आले नाही तर?' म्हणून दोनचार किलो जास्त बांधतात आणि ते पेलायला जाकिटात जास्त हवा भरतात. ती जास्तीची हवा वर येताना फुगत जाते आणि माणसाला बुचासारखी वर फेकते. तपासणी सोपी आहे: रिकाम्या जाकिटाने, नेहमीचा श्वास घेऊन पाण्यात उभे राहावे; पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. ही परीक्षा बुडीच्या शेवटी, सिलिंडरमध्ये थोडीच हवा उरली असताना घेतलेली बरी. सिलिंडर भरलेला असेल तर दोन किलोची भर धरावी.

जाकिटांचे घाट मुख्यतः दोन. एकात फुगा पाठ, कुशी आणि छातीच्या बाजूंपर्यंत आलेला असतो. हे वर आल्यावर माणसाला सरळ उभे धरते. शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना म्हणूनच ते आवडते. दुसऱ्यात सगळा फुगा पाठीवर, छाती मोकळी. पाण्याखाली आडवे पोहताना याचा तोल सुरेख राहतो, पण वर आल्यावर फार हवा भरली तर माणसाला पुढे, तोंडघशी लोटतो. सवयीने त्यावर मागे रेलून राहता येते. आमच्या विद्यार्थ्याचा जीव या दुसऱ्यावर होता, कारण चित्रफितींतले नावाजलेले पाणबुडे तेच घालतात. मी त्याला विचारले, "तुझा अर्धा वेळ कुठे जाणार? पाण्याखाली, की पर्यटकांचा हात धरून लाटांवर?" त्याने पहिला घाट घेतला. माझे मत विचाराल तर, ज्याला वर्षातून एकदोनदाच समुद्र दिसणार त्याने यांपैकी काहीच विकत घेऊ नये. भाड्याने मिळते तेच अंगाला नीट बसवून घ्यावे आणि उरलेल्या पैशात चांगला मुखवटा घ्यावा. तोच चेहऱ्याला बसला नाही तर सगळी बुडी नाकातोंडातले पाणी काढण्यात जाते.

अंगाला बसणे हीच जाकिटाची खरी परीक्षा. पोशाख चढवून, त्यावर जाकीट घालून, पट्टे आवळून ते पूर्ण फुगवावे. छाती दाबली जाऊन श्वास कोंडला तर ते लहान. खांद्यांना धरून कुणी वर ओढले आणि ते कानांपर्यंत सरकले तर मोठे. बायकांची पाठ पुरुषांपेक्षा सहसा आखूड, छातीची ठेवण वेगळी. त्यांच्यासाठी वेगळ्या बेतलेल्या जाकिटांचे खांद्याचे पट्टे बाहेरून वळसा घेऊन येतात. 'पुरुषांचेच लहान मापाचे चालेल' असे म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे. मुलांना 'वाढत्या अंगाचे' जाकीट घेण्याची आपली गृहस्थी काटकसरही इथे उपयोगाची नाही. शाळेचा गणवेश ढगळ असला तरी मूल शाळेत पोचते.

मग कळा आणि झडपा पाहाव्यात. हवा भरायची आणि सोडायची कळ डोळे मिटून, हातमोज्यासकट, एकमेकींपासून ओळखता आली पाहिजे. हवा सोडायच्या झडपा एक वर खांद्याशी आणि एक खाली कमरेमागे असावी, कारण माणूस नेहमी उभाच नसतो आणि हवा नेहमी वरच्या टोकाला जाते. फुगा गच्च भरला की जास्तीची हवा आपोआप सोडणारी झडप असतेच. ती चालते का ते तिथेच फुगवून पाहावे. शक्य तर जाकीट फुगवून काही तास तसेच ठेवावे आणि मऊ पडते का ते पाहावे. जुने घेणार असाल तर हे केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शिसे जाकिटाच्याच खिशांत ठेवायची सोय असेल, तर ते खिसे एका हिसक्यासरशी सुटले पाहिजेत, पण आपोआप सुटता कामा नयेत. पाण्यात दगावलेल्या पाणबुड्यांच्या नोंदी तपासणाऱ्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे: बहुतेकांच्या अंगावर शिसे तसेच होते. वजन टाकून द्यायचे त्यांना सुचले नाही किंवा जमले नाही. म्हणून तो हिसका दुकानात दहादा देऊन पाहावा. मालक कुरकुरला तरी.

हे सगळे चालू असताना वडील शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी जाकिटाच्या चित्रातल्या कड्यांवर बोट ठेवून विचारले, "दोर कोनत्या कडीले बांधाचा?"

मी मुलाकडे पाहिले. त्याने शिक्षकांकडून ऐकलेले सांगितले. त्या कड्या घड्याळ्यासारखी यंत्रे आणि विजेरी अडकवायला आहेत, माणूस ओढायला नाहीत. दोराने बांधून घेऊन गढूळ पाण्यात बुडालेल्याला शोधणारे पाणबुडे दोरासाठी वेगळा पट्टा जाकिटाच्या आतून, थेट अंगावर बांधतात, म्हणजे जाकीट काढून टाकावे लागले तरी माणूस दोरावर राहतो. ते शिक्षणही वेगळे. हौशी पाणबुड्याचा दाखला त्याला पुरत नाही. गोसीखुर्दच्या पाण्याखाली जुनी झाडे आहेत, मासेमारीची जाळी आहेत, नागपूरचे सांडपाणी नाग नदीवाटे येऊन मिसळते ते आहे. तिथे लोंबत्या नळ्या आणि बाहेर आलेल्या कड्या जाळ्यात अडकल्या तर हे महागडे जाकीटच गळ्याला फास व्हायचे. वडिलांनी मान डोलावली. जाळे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. "मंग तू आधी ते शीक," एवढेच ते म्हणाले. दोघे त्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता तुमच्याआमच्यासारख्या, दिवाळीच्या सुटीत मालवणला जाऊन एकदाच पाण्याखाली डोकावून येणाऱ्या कुटुंबांविषयी. तुम्हांला तोलाचे जाकीट निवडायचे नसतेच. शिक्षक ते घालतो, त्याच्या कळाही तोच दाबतो. त्यात गोंधळायचे कारण नाही. काळजी करायची ती बोटीची. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले. ती स्कूबा आटोपून किनाऱ्याकडे परतणारी बोट होती. आमच्याच वैनगंगेत, खाली गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ, २३ जानेवारी २०२४ रोजी मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया होडी उलटून बुडाल्या. त्यांच्यातली कुणी हौसेखातर पाण्यावर गेली नव्हती.

बोटीसाठी जाकीट हवे ते भोपळ्याच्या कुळातले. तोलाचे जाकीट तिथे चालत नाही. बेशुद्ध माणसाचे तोंड ते पाण्याबाहेर ठेवील याची हमी त्याचे उत्पादक स्वतःच देत नाहीत. जीवरक्षक जाकिटांवर उचलीचा आकडा 'न्यूटन'मध्ये छापलेला असतो. दहा न्यूटन म्हणजे सुमारे एक किलोची उचल. पन्नासचे जाकीट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तिथे. शंभरचे शांत, आडोशाच्या पाण्यासाठी. ते माणसाला उताणे वळवण्याच्या हिशेबाने बेतलेले असते. दीडशेचे खुल्या समुद्रासाठी. पोहता न येणाऱ्याने पन्नासवर समाधान मानू नये. गोसीखुर्दला जलपर्यटनाच्या योजना येत आहेत, उद्या आपणही मुलाबाळांना घेऊन तिथे जाऊ. तेव्हा तिकिटाच्या खिडकीवर हा आकडा विचारायची सवय लावून घ्यावी.

जाकीट हातात आले की आधी दाबून पाहा. आतला फोम चेपून पापडासारखा झाला असेल तर दुसरे मागा. फाटकी शिवण, तुटकी बकले परत करा, भीड बाळगू नका. बसायची उशी म्हणून ते खाली घेऊ नये. बोटीत हे सर्रास चालते आणि फोम त्यानेच मरतो. साडीच्या पदरावरून पट्टे बांधले तर ते सैल राहतात, पदर आधी खोचून घ्यावा. मुलाला जाकीट घालून दोन्ही हात वर करायला सांगावे आणि खांद्यांच्या पट्ट्यांना धरून अलगद उचलावे. हनुवटीवरून वर सरकले तर लहान माप मागावे. लहान मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा एक पट्टा असतो. मुले त्याच्यावर फार कुरकुरतात, आणि बोटवाला "राहू द्या हो ताई, दहा मिनिटांचा तर प्रश्न" म्हणतो. तो पट्टा बांधून, ओढून पाहून मगच बोटीत पाय ठेवावा.